माधवी दुपारी कुठे जाते?

रविवारी सकाळी मंगलने स्वयंपाकघराच्या भिंतीवर पांढरा फळा लावून घेतला. खिळा ठोकायला तिचा नवरा रविराज स्टुलावर उभा होता, फळा सरळ आहे की तिरका हे सांगायला मंगल खाली उभी होती, आणि स्टूल हलू नये म्हणून ते धरून थोरली जाऊ माधवी उभी होती. त्या घरात काहीही नवीन करायचे झाले की असेच होई. एकाने करायचे, एकाने सांगायचे आणि माधवीने धरून उभे राहायचे.

वडगावातले हे विणकराचे घर. पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग आणि एक खाट, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि वर पत्र्याची एक खोली. माग सासरे आण्णाप्पा चालवत. धाकटा रविराज उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होता, मंगल एका पतसंस्थेत कारकून होती. थोरला महादेव कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याची बायको माधवी आणि सातवीत शिकणारी मुलगी रक्षा मागे राहिल्या, त्या याच घरात. "आम्ही काय तिला टाकलं न्हाय हं," असे सासूबाई मालुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते खरेच होते. टाकले नव्हते. इतक्या कामाची बाई कोण टाकतो?

मंगल मनाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. ती नुसती कावली होती. सकाळी डबा भरायला झाकण सापडत नसे, झाकण सापडले तर गाडीची किल्ली सापडत नसे, आणि उशीर झाला की पतसंस्थेचे मॅनेजर चष्म्यावरून बघत. मग तिने मोबाईलवर घर नीटनेटके ठेवण्याचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. किल्ल्यांना खुंटी आली. आणि आता हा फळा. घरातल्या प्रत्येकाचे नाव, त्याखाली त्याची कामे, प्रत्येक कामाची ठरलेली वेळ.

रविराजच्या नावाखाली नळाचे पाणी आले की टाकी भरणे. आण्णाप्पांच्या नावाखाली माग. मालुबाईंच्या नावाखाली देवपूजा आणि भाजी निवडणे. माधवीच्या नावाखाली लिहिता लिहिता मंगलची अक्षरे बारीक होत गेली, आणि फळ्याची खालची कड आली तरी कामे उरलीच. दोन ओळी तिने कडेने आडव्या लिहिल्या.

माधवीने ते पदराला हात पुसत वाचले आणि तिला हसू आले.

"एवढं सगळं मी करतो व्हय गं?"

"मग काय तर आक्का," मंगल म्हणाली. "म्हणून तर वेळ लावून दिला. आता ज्या त्या वेळी जे ते. मधेच कुणी हाक मारायची न्हाय. चहा दोनदाच. आप्पा, तुम्हाला बी सांगूलालोय."

"बरं बाई," आण्णाप्पा म्हणाले. सुनेने ऑफिसातली शिस्त घरी आणली याचे त्यांना कौतुकच वाटले.

आणि चमत्कार बघा, शिस्त लागली. डबे वेळेवर जाऊ लागले, किल्ली खुंटीवर राहू लागली. सगळ्यांत जास्त फरक पडला तो माधवीला. तिची कामे कमी झाली नाहीत, पण कामाच्या मधे येणाऱ्या हाका थांबल्या. "माधवी, पाणी आण गं", "वैनी, माझा पाकीट कुठाय" हे थांबले, तसा तिचा हात झपाझप चालू लागला. दुपारची भांडी घासून झाली की संध्याकाळच्या चहापर्यंत तिच्या नावाखाली काहीच नव्हते. त्या वेळी आण्णाप्पा माग बंद करून सोप्यातल्या खाटेवर आडवे होत. मालुबाई टीव्हीसमोर गादी टाकत आणि मालिका बघता बघता त्यांचा डोळा लागे. घरात इतका वेळ कुणी तरी मोकळे असू शकते, हे त्या फळ्यानेच प्रथम दाखवले.

चौथ्या की पाचव्या दिवशी माधवी मागच्या दाराने बाहेर पडली. "जरा येतो," एवढेच म्हणाली. मालुबाई अर्धवट झोपेत हुं म्हणाल्या. पण त्यांना त्या दिवशी नीट झोप लागली नाही.

का लागली नाही, हे कळायला या घरातला एक जुना नेम सांगायला हवा. मालुबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने त्यांना सांगितले होते, की नवरा गेलेल्या बाईचा हात रिकामा ठेवू नये. हात रिकामा राहिला की मन भरकटते, आणि मन भरकटले की घराचे नाव जाते. तेव्हा घरात एक विधवा आत्या होती. तिला सगळे काम देत राहिले, आणि ती काम करता करता गेली. तिचे नाव आज कुणालाही आठवत नाही. पण नेम मात्र राहिला. महादेव गेल्यावर तो माधवीला लागू झाला. शहापुरात नणंदेच्या पापडाला माधवीला धाडा. कंग्राळीला पुतणीचे बाळंतपण, माधवीला धाडा. लग्नघरी पुऱ्या लाटायला तिला सगळ्यांच्या आधी नेत, आणि हळद लागायच्या वेळी ती भांड्यांमागे असे. मागावर उभ्या धाग्यांचे नवे बीम चढले की त्याची पूजा मंगल करी. आत बसून त्याच मागाच्या, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायचे काम मात्र माधवीचे. तिच्या हाताचा विटाळ फक्त पूजेला होता. काम ज्याच्या हातचे चालते त्याच्या हातची हळद चालत नाही, ही रीत कुणी काढली कोण जाणे. ज्याने काढली त्याच्या घरी भांडी घासायला दुसरे कुणी तरी होते, एवढे नक्की.

तर त्या दुपारी माधवी परत आली तेव्हा मालुबाई जाग्याच होत्या.

"कुठं गेलतीस?"

"हितंच."

"हितंच म्हंजे कुठं?"

"हितंच की, आत्ती," माधवी म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला गेली. जाताना ती काही तरी गुणगुणत होती. मालुबाईंनी तिला महादेव गेल्यापासून गुणगुणताना ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. आता मालुबाई नीट बघू लागल्या. जाताना माधवीचे केस घट्ट बांधलेले असत, येताना ते सोडून पुन्हा बांधलेले दिसत. जाताना लुगडे नीट असे, येताना त्याला चुण्या. तोंड धुतलेले, डोळे टवटवीत. आणि एके दिवशी तिच्या डाव्या गालावर तांबड्या रेघा दिसल्या. मालुबाई त्या रेघांकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या हातातली निवडलेली मेथी पुन्हा न निवडलेलीत पडली.

"गालाला काय झालं गं?"

माधवीने गालाला हात लावला. "काय न्हाय," म्हणाली, आणि चक्क लाजली.

झाले. लाजली म्हणजे संपलेच. रात्री जेवणानंतर मालुबाईंनी हे रविराजला सांगितले, रविराजने मंगलला सांगितले. फळ्याखाली उभे राहून तिघेही माधवीच्या नावाखालची ती मोकळी जागा बघत होते. इतके दिवस ती जागा कुणाला दिसली नव्हती. माणूस दिवसभर कुठे ना कुठे राबत असतो तेव्हा तो कुठे आहे हे विचारायचे कुणाला सुचत नाही. वेळापत्रक आले आणि पहाराही आपोआप आला.

"तुझ्या फळ्यानं बरं दाखवलं बघ," रविराज बायकोला म्हणाला. मंगलला ते कौतुक गोड लागले नाही, पण तिने ते परतही केले नाही.

दुसऱ्या दिवशी माधवी अंघोळीला गेली असताना मंगलने तिचा मोबाईल उघडला. त्यात रक्षाच्या शाळेचा ग्रुप होता आणि जांबोटीच्या भावाचे फोन होते. बाकी काहीच नव्हते. सरळ माणसाला यावर समाधान वाटले असते. मंगलला वाटले, काहीच नाही म्हणजे पुसले असणार. संशयाचे पोट असेच असते, त्याला काहीच न मिळाले तरी ते भरते.

मग शेजारच्या मनुबाई आल्या. गल्लीत काय चालले आहे हे सांगायला त्यांना कुणी नेमले नव्हते, पण त्यांनी ते काम कधी चुकवले नाही.

"मालू, रागावू नको हं. तुझी सून भरमाच्या घरात जाताना बघितलो मी. परवा बी, काल बी."

भरमा म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा. देवळामागच्या बोळात राहणारा, आणि बायको माहेरी निघून गेलेला. मालुबाईंच्या हातून पाण्याचा तांब्या खाली ठेवताना वाजला. त्यांना राग आला होता, आणि भीतीही वाटली होती. उद्या गल्लीत बोभाटा झाला की रक्षाला स्थळ कोण देणार, मंगलच्या पोटी मुलगी झाली तर तिला कोण देणार, इथपर्यंत त्यांचे मन जाऊन आले. त्यांच्या मनाचे कुणी फारसे काही विचारीत नसल्यामुळे ते असे लांब लांब जाऊन येई.

शनिवारी मंगलला सुट्टी होती. "तू माग काढ," रविराज म्हणाला. "मी गेलो तर तमाशा हुईल."

दुपारी माधवी निघाली. मंगल मागे. पावसाची भुरभुर होती, म्हणून छत्रीआड तोंड लपवता आले. माधवी भराभरा चालत होती, वाटेत कुणाशी बोलायला थांबली नाही. देवळामागच्या बोळात वळली आणि खरेच भरमाच्या घरात शिरली. तिला पकडायचेही होते आणि पकडायचे नव्हतेही. थोडा वेळ ती समोरच्या वळचणीखाली उभी राहिली. मग दाराशी गेली.

उंबऱ्यात भरमाची म्हातारी आई जयाबाई वाती वळत बसली होती. मंगल काही बोलायच्या आत तिने ओठावर बोट ठेवले.

"चपला काढ. आणि हळू बोल."

"भरमाण्णा..."

"भरमा कामावर. दिवेलागणीला येतोय. ये, बघायला आलीस न्हवं? बघ."

आत पंख्याखाली चटईवर माधवी झोपली होती. हात उशाला, गाल चटईवर, तोंड थोडेसे उघडे. आल्या आल्या पडली असणार, कारण पायाला बोळातला चिखल तसाच होता. मंगल दारात उभी राहून बघत राहिली. सात वर्षे ती त्या घरात होती आणि आपण जावेला झोपलेली कधी पाहिलेच नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आले. सकाळी सगळे उठत तेव्हा माधवी उठलेली असे. रात्री सगळे झोपत तेव्हा तिचे ओटा पुसणे चालू असे. ती आणि रक्षा माजघरात सुताच्या पोत्यांशेजारी झोपत, पाणी प्यायला उठलेला माणूस अंधारात त्यांना ओलांडून जाई. मागे एकदा माधवी डोके दुखते म्हणून दुपारी तिथेच आडवी झाली होती. तेव्हा मालुबाई म्हणाल्या होत्या, "दिवसा अंग टाकणं सवाष्णीला शोभत न्हाय, तुझी काय गोष्ट?" मंगल त्या वेळी तिथेच होती. तिला ते आठवले आणि मान खाली गेली.

"कधीपासनं येतीया?" तिने विचारले.

"तुमच्या घरात ते काय लिवून लावलंय म्हणं, तवापासनं. देवळात आलती. खांबाला टेकून बसल्या बसल्या झोप लागली तिला. म्हटलं, बाई, देवळात झोपलीस तर लोक बोलतील, घरात ये." जयाबाई वात वळत राहिली. "मी बी नवरा गेलेलीच की. तरणी होतो तवा झोप यायची, कुणी झोपू दिलं न्हाय. आता येळच येळ हाय, तर झोप येत न्हाय बघ."

मंगल घरी परतली तेव्हा सासू आणि नवरा वाटच बघत होते. तिने खरे सांगायला तोंड उघडले आणि तिला भलतीच लाज वाटली. "गर्दीत चुकली," ती म्हणाली. "नीट दिसलं न्हाय."

मालुबाईंनी रविराजकडे पाहिले. मंगल काही तरी लपवते आहे हे न कळायला त्या खुळ्या नव्हत्या. जे सुनेला सुनेविषयी सांगवत नाही ते किती भयंकर असेल! त्यांनी त्याच संध्याकाळी जांबोटीला माधवीच्या भावाला, परशरामला फोन लावला. "उद्या या," एवढेच सांगितले.

रात्री मंगल स्वयंपाकघरात माधवीजवळ गेली. "आक्का, उद्या रक्षाचा परशराम मामा येणार. तुला घेऊन जायाला. मी बघितलोय सगळं. सांगून टाक की गं."

माधवीचा भांड्यावरचा हात थांबला. "तू आलतीस व्हय?" ती म्हणाली. तिला राग आला नव्हता. "सांगू नको कुणाला."

"अगं पण त्यात वाईट काय हाय? सांगितलं की संशय गेला."

"संशय जाईल, पण माझी झोपबी जाईल. तुला न्हाय कळायचं ते. सांगू नको, एवढं ऐक."

मंगलला खरोखरच ते कळले नाही. पण ती हो म्हणाली.

रविवारी सकाळच्या गाडीने परशराम आला. जांबोटीत रोपलावणीचे दिवस होते, गुडघ्यापर्यंतचा चिखल धुऊन तो तसाच आला होता, आणि बहिणीने काय करून ठेवले आहे या विचाराने वाटभर त्याचे डोके भणाणले होते. सोप्यात माग बंद होते. आण्णाप्पा खाटेवर, रविराज खुर्चीवर, परशराम दाराशी स्टुलावर. मालुबाई खाली बसल्या, मंगल भिंतीला टेकून. माधवी उभीच होती. माजघराच्या दारात रक्षा आली, तिला कुणी आत पाठवले नाही.

"पावणं, आम्ही काय तिला कमी केलं न्हाय," मालुबाईंनी सुरुवात केली. "पण रोज दुपारी ही कुठं जातीया ते इचारा. मी दमलो इचारून."

"कुठं जातीस गं माधवी?" परशरामने विचारले.

"मी वाईट काय केलं न्हाय अण्णा. त्याच्याफुडं इचारू नका."

"वाईट न्हाय तर सांगायला काय हुतंय?" आण्णाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "भरमाच्या घरात जातीस म्हणूलालेत लोक. खरं हाय का खोटं?"

"खरं हाय."

परशरामने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याला कुणाकडेच बघवत नव्हते.

"मग झालं," मालुबाई म्हणाल्या. "घेऊन जावा हिला. आम्हाला बोभाटा नको. पोरगी हितंच ऱ्हाईल, तिची शाळा हाय. तिला आईचं वळण नको."

आतापर्यंत माधवीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. आता तिने दाराकडे पाहिले. रक्षाने दोन्ही हातांनी चौकट धरली होती. मंगलला ते बघवले नाही. रात्री दिलेला शब्द तिच्या ध्यानात होता, पण अशा वेळी शब्द पाळणे हेच पाप आहे असे तिला वाटले.

"झोपायला जातीया ती!" मंगल ओरडली. "भरमाण्णा दिवसभर कामावर असतोय. जयाबाईच्या चटईवर ही नुसती झोपतीया. मी डोळ्यांनी बघून आलोय."

मग परशरामला हसू आले. भीती उतरलेल्या माणसाचे ते हसू, त्याला आवरेना. रविराजही हसला. "एवढंच व्हय? अगं वैनी, आधी सांगायचं की!" आण्णाप्पांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "चहा टाका बरं." मालुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. खरेच लावला. घराचे नाव वाचले होते.

गालावरच्या रेघा चटईच्या, हे आता सगळ्यांना एकदम कळले. मंगल माधवीकडे बघून हसली. माधवी हसली नाही. ती मालुबाईंकडे बघत होती, पुढे काय येणार हे ठाऊक असल्यासारखी.

मालुबाईंनी डोळे पुसले. "म्हंजे दुपारी तुला येळ असतोय," त्या म्हणाल्या.

"मग दुपारी कांड्या भरून ठेवत जा की," आण्णाप्पा सहज म्हणाले. "संध्याकाळी माझा खोळंबा हुतोय."

"आणि माझे शर्ट," रविराज म्हणाला. "बाहेर इस्त्रीला देतोय उगीच."

परशरामही आता मोकळा झाला होता. "आप्पा, येळ असला तर धा दिस जांबोटीला धाडा की हिला. बायाक्काची कंबर धरलीया, रोप लावायला माणूस मिळत न्हाय." बायाक्का म्हणजे त्याची बायको.

"धाडतो की," मालुबाई म्हणाल्या. "मंगल, लिव गं फळ्यावर. मोकळा हात बरा न्हवं."

कुणाच्याही मनात वाईट काही नव्हते, हे लक्षात घ्या. सगळे खुशीत होते. थोड्या वेळापूर्वी जिला घराबाहेर काढायचे होते ती आता प्रत्येकाला हवी होती. बसल्या जागी, हसत हसत, चौघांनी तिची दुपार वाटून घेतली, आणि तिला विचारायला हवे असे त्यातल्या एकाच्याही मनात आले नाही. काल रात्री जे कळले नव्हते ते मंगलला आता कळत होते.

"मला संशयच बरा हुता," माधवी म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"संशयच बरा हुता म्हटलं, आत्ती. तुम्ही मला वाईट चालीची समजत हुता, तवा तेवढा येळ तरी माझा हुता. आता चांगली ठरलो तर तोबी गेला." ती थांबली नाही. "म्हादेव गेल्यापासनं मी कुणाला न्हाय म्हटलं न्हाय. पापड केलो, बाळंतपणं केलो, हळदीच्या वक्ताला भांड्यामागं जाऊन बसलो. कुणी बस म्हटलं न्हाय, झोप म्हटलं न्हाय. आप्पा दुपारी झोपतात, त्यांचं मन भरकटत न्हाय. तुम्ही झोपता, तुमचं भरकटत न्हाय. मी झोपलो की माझंच का भरकटतंय?"

"तोंड लई सुटलंय," मालुबाई म्हणाल्या. "मग जा जांबोटीला भावाकडं."

"जाणार न्हाय. रोप लावायला बी न्हाय, आणि कायमची बी न्हाय. हे घर म्हादेवाचं बी हुतं, माझ्या पोरीचं हाय. मी हितंच ऱ्हाणार. माझ्या वाटणीचं काम करणार. आणि दुपारी झोपणार. उद्यापासनं मागच्या दारानं न्हाय जाणार, फुडच्या दारानं जाणार, सांगून."

"मंगल, तू लिव," मालुबाई म्हणाल्या.

"मी न्हाय लिवणार," मंगल म्हणाली. सासूला नाही म्हणायची तिची ती पहिलीच वेळ, आणि नवऱ्याकडे न बघता ती ते म्हणाली. "आणि आत्ती, रातचा ओटा मी पुसणार आजपासनं. यांचे शर्ट हे बघतील."

परशरामने टोपी डोक्यावर घातली. चहा न घेताच तो उठला, दाराशी बहिणीजवळ घुटमळला. "माधवी, मी बी खुळ्यावाणी बोलून गेलो," तो म्हणाला. तिने मान हलवली. रक्षा येऊन आईला बिलगली होती. त्या दुपारी आण्णाप्पा खाटेवर पडले, पण बराच वेळ कुशी बदलत राहिले.

सोमवारी जेवणे झाली, भांडी झाली. माधवी सोप्यातून, खाटेशेजारून, "झोपायला जातो आत्ती," असे मोठ्याने म्हणून बाहेर पडली. चहाच्या वेळेआधीच मालुबाईंना चहाची तलफ आली. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, स्वतःच आधण ठेवले. चहाच्या वासावर म्हणा, की रविवारच्या बैठकीच्या वासावर म्हणा, मनुबाई आल्याच.

"सून दिसत न्हाय. गेली वाटतं?"

मालुबाई खोटे बोलू शकल्या असत्या. देवळात गेली म्हटले असते तरी चालले असते. पण कालपासून त्या थकल्या होत्या.

"झोपायला गेलीया. जयाबाईकडं."

"झोपायला?" मनुबाई हसू लागल्या. "दुसऱ्याच्या घरात जाऊन? का गं मालू, तुझ्या एवढ्या घरात तिला आडवं व्हायला जागा न्हाय व्हय?"

मालुबाईंनी सोप्याकडे पाहिले. खाटेवर आण्णाप्पा घोरत होते. टीव्हीसमोर त्यांची स्वतःची गादी होती. वरच्या खोलीला रविराज-मंगलचे कुलूप होते. माजघरात पोती होती, आणि पोत्यांच्या मधून येण्याजाण्याची वाट होती. मनुबाई हसायच्या थांबल्या, आणि मालुबाई कपात चहा ओतत राहिल्या.

वाचकहो, ही रविवारची पुरवणी तुम्ही बहुधा दुपारचे जेवण करून, कुठे तरी आडवे होऊन वाचत असाल. या क्षणी तुमच्या घरात कोण उभे आहे, ते एकदा उठून बघून या.